अंबूआत्याची हाक

आमच्या अंबूआत्याला घड्याळ कळत नव्हतं, आणि तिचं त्यावाचून काही अडलंही नाही. पोलादपूरच्या डोंगरातल्या तिच्या वाडीचं घड्याळ तीच होती. तिन्हीसांजेला ती दारात उभी राहून हाक मारायची. त्या हाकेवर वाडीतली पोरं घरी जायची, बायका भात चढवायच्या आणि बांधावर बसलेले म्हातारे बिड्या विझवून उठायचे. आत्या जाऊन आता वर्ष होत आलं. तरी आमच्या पनवेलच्या इमारतीत संध्याकाळी एखादी आई गॅलरीतून मुलाला हाक मारते, तेव्हा मी गॅसवरचं दूध तसंच सोडून ऐकत राहते. दूध उतू जातं. नवरा म्हणतो, तुझं लक्ष कुठे असतं? काय सांगायचं त्याला!

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. लहानपणी मे महिन्याची सुट्टी तिच्याकडे जायची. वाडीत पंधरा-सोळा घरं, उतारावर एकाखाली एक. आत्याचं सगळ्यात वरचं. ती उंबऱ्याच्या आत उभी राहायची, डावा हात चौकटीला, उजव्या हाताचं बोट मिश्रीने काळं झालेलं. आणि मग अगदी खालच्या घरापासून नावं घेत वर वर यायची. स्वतःची पोरं शेवटी. आवाज असा की पलीकडच्या डोंगरावरचा गुराखीसुद्धा गुरं वळवायचा. बाकीच्या आया आपापल्या पोरांना हाका मारायच्या भानगडीत पडतच नसत. अंबू मारील, म्हणायच्या.

तिचा एक कायदा होता. "हाक मारल्याशिवाय यायचं नाय, नि मारल्यावर थांबायचं नाय." यातला दुसरा भाग सगळ्याच घरांत असतो. पहिला मात्र खास तिचा. लवकर आलेली पोरं चुलीपुढे लुडबुड करतात, भाकरीचे तुकडे पळवतात, म्हणून तो केलेला. एकदा मी भूक लागली म्हणून आधीच आत शिरले. आत्याने मला खांद्याला धरून अंगणात नेऊन उभं केलं. मग ती परत घरात गेली, उंबऱ्याच्या आत आपल्या जागेवर उभी राहिली, चौकटीला हात लावला आणि चार हातांवरून माझ्या कानठळ्या बसतील अशी हाक मारली, "शुभेऽऽ! ये गो आत!" मी म्हटलं, "आत्या, मी इथेच तर आहे." ती म्हणाली, "हायस ना? मग ये."

एका वर्षी तिचा घसा बसला. काका, म्हणजे आत्याचे यजमान, म्हणाले, त्यात काय, मी बोलावतो. त्यांनी पितळी थाळी घेतली आणि बडव बडव बडवली. वाडीतली कुत्री तेवढी जमा झाली. पोरं अंधार पडला तरी ओढ्यावरच. विचारलं तर म्हणाली, अजून हाक कुठे झाली? काका पुढे कितीतरी वर्षं ही गोष्ट पाहुण्यांना सांगायचे आणि शेवटी म्हणायचे, "या घरात माझी किंमत कुत्र्यांनाच."

काका गेल्यावर ती एकदाच माझ्याकडे पनवेलला राहायला आली. चौथ्या मजल्यावर. पहिला दिवस तिने गॅलरीतून खाली बघण्यात घालवला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी भाजी चिरत होते, तर ती ओळखीची हाक. आत्या गॅलरीच्या दारात, उंबऱ्याच्या आत उभी, डावा हात चौकटीला. अथर्वा, रिद्धे, तिसऱ्या मजल्यावरची कुणी समैरा. एका दिवसात तिने सोसायटीतल्या सगळ्या पोरांची नावं पाठ केली होती. खाली खेळणारी पोरं आधी बावचळली, मग एकदम पळत सुटली. सेक्रेटरी वर आले. म्हणाले, वहिनी, आजींना जरा सांगा, लोक ऑफिसच्या कॉलवर असतात. आत्याने त्यांना, "आत या, उभ्याउभ्या काय बोलता?" म्हणून बसवलं, चहा पाजला, आणि ते गेल्यावर मला म्हणाली, "ह्यालापण लहानपणी कोणी वेळेवर आत बोलावलेला नाय वाटतं." ती गावी परतल्यावर आठवडाभर मला लिफ्टमध्ये बायका विचारत होत्या, आजी पुन्हा कधी येणार?

"आत ये" हे तिचं सगळ्यात आवडतं वाक्य. पोस्टमनला, वासुदेवाला, रागावून भांडायला आलेल्या जावेलाही. आधी आत ये, मग भांड.

मग तो पावसाळा आला.

मी तिथे नव्हते. जे सांगते ते तिचा मुलगा दिलीप याने सांगितलेलं. दिलीप महाडच्या एका कारखान्यात कामाला. तो आणि त्याची बायको सुनंदा बिरवाडीत भाड्याच्या खोलीत राहायचे. करोनामुळे शाळा बंद होत्या, म्हणून त्यांची दोन्ही पोरं आजीकडे वाडीत. ओंकार, म्हणजे ओम्या, आणि धाकटी तनू. पाऊस तीन-चार दिवस खळलाच नव्हता. त्या दुपारी जरा उघडीप मिळाली म्हणून पोरं बाहेर पळाली. तेवढ्यात पुन्हा सर आली, आणि आत्याने नेहमीची वेळ झाली नसतानाही दारात उभं राहून हाक मारली. पोरं आली. आत्याने त्यांची डोकी पुसली, चुलीपुढे बसवलं. गोठ्यात म्हैस ओरडत होती, काही केल्या गप्प बसेना. आत्या इरलं घेऊन तिला बघायला गेली. दावं सोडलं तशी म्हैस तिच्या हाताला हिसका देऊन उधळली, आत्या तिच्या मागे. आणि पाठीमागे डोंगर आला.

वाडीतली वरची घरं गेली. आत्या वाचली, म्हैस वाचली.

त्यानंतर मी तिला पहिल्यांदा बिरवाडीच्या खोलीवर भेटले. ती बाहेर चाळीच्या कठड्यापाशी स्टुलावर बसली होती. मला बघून उठली, माझ्या तोंडावरून हात फिरवला आणि कानाशी येऊन कुजबुजली, "इथंच टेक." मला वाटलं, आत कुणी झोपलंय. कुणी नव्हतं. तिचा आवाजच गेला होता. म्हणजे घसा ठीक होता, डॉक्टरांना दाखवून झालं होतं. कुणाला बोलवायचं झालं तर ती उठून त्याच्यापर्यंत जायची आणि कोपराला बोट लावायची. पाऊस आला की घराबाहेर येऊन बसायची. आणि "आत ये" हे शब्द तिच्या तोंडून कुणी ऐकले नाहीत. नातेवाईक भेटायला यायचे, ती त्यांच्यासाठी बाहेर चटई टाकायची. काहींना ते लागलं. म्हातारी माणूसघाणी झाली, म्हणाले. बोलणाऱ्यांचं तोंड कोण धरणार?

दोनेक वर्षांनी वाडीतल्या लोकांना कापडे गावाच्या अलीकडे सपाट जागेवर नवी घरं मिळाली. गणपतीच्या आधीच्या आठवड्यात दिलीपचा फोन आला.

"ताई, पोरांना घेऊन ये. घर लावायला मदत कर."

"अरे, माझ्या पोरांना घेऊन आले तर घर लागायच्या ऐवजी मोडेल."

"मोडू दे. आई आत पाय ठेवत नाय." मग म्हणाला, "सुनंदाला दिवस हायत, ताई. सातवा. ती बोलते, ज्या घरात आई येत नायत त्या घरात मी बाळ नेणार नाय. मी दोघींच्या मधे उभा हाय."

नव्या घरात आधी लेकरांची पावलं पडावीत, अशी आमच्याकडे रीत आहे. लेकरं नाचली, सांडलं, रडली की मग घर माणसाळतं म्हणतात. दिलीपच्या घरात लेकरं नव्हती. त्याने ते बोलून दाखवलं नाही, मीही विचारलं नाही.

मुक्ता सात वर्षांची, ईशान चार. महामार्गाची तेव्हा काय अवस्था होती ते त्या रस्त्याने गेलेल्यांना सांगायला नको, आणि न गेलेल्यांना पटणार नाही. वडखळला ईशानला उलटी झाली, माणगावला मुक्ताला. माझ्याकडे दोन पोरं, तीन पिशव्या, दिलीपने मुद्दाम मागवलेलं पोळपाट-लाटणं, पुडीत बांधलेलं मीठ आणि एक नवी केरसुणी. नव्या घरात मीठ आणि केरसुणी माहेरच्या बाजूने जावी लागते. कंडक्टर म्हणाला, "ताई, लक्ष्मीचं अर्धं काढू का पूर्ण?" मी म्हटलं, मांडीवर बसलीय, फुकट न्या. दासगाव आलं, खिडकीतून सावित्री नदी दिसली, लाल, फुगलेली, आणि माझं हसणं बंद झालं. मुलांना गप्प ठेवायला मी त्यांना आत्याच्या गोष्टी सांगत होते. थाळीची, सेक्रेटरीची, आणि तो कायदा. मुक्ताने विचारलं, "म्हणजे हाक मारेपर्यंत खेळायचंच? कितीही वेळ?" ईशानला तर जगातला सर्वोत्तम कायदा मिळाला होता.

पोलादपूरच्या स्टँडवर दिलीप मित्राची व्हॅन घेऊन उभा होता. वसाहत म्हणजे एकसारख्या घरांच्या रांगा. घरं चिठ्ठ्या टाकून वाटलेली, त्यामुळे वाडीत सगळ्यात खाली राहणारी काशीकाकू आता आत्याच्या समोर आली होती आणि शेजारची घरं दुसऱ्या टोकाला गेली होती. आत्याच्या दारातून सरळ समोर डोंगर दिसायचा. त्याच्या कुशीत वरून खालपर्यंत मातीचा लाल पट्टा, त्यावर अजून नीट गवतही धरलेलं नव्हतं. आणि आत्या दाराबाहेर स्टुलावर बसली होती, डोंगराकडे पाठ करून, आपल्याच घराच्या भिंतीकडे बघत.

तिने पोरांच्या तोंडावरून हात फिरवला. "मोठी झाली," कुजबुजली. मग मला म्हणाली, "इथंच टेक. चा आणते सुनंदा."

मी केरसुणी घेऊन आत गेले. घर लावायला होतं तरी काय? मदतीत आलेले कुकर तीन, चादरी ढीगभर, सगळ्या एका रंगाच्या. पण जुनी म्हणावी अशी एकही वस्तू नाही. पातेल्याला पोचा नाही, वाटीवर कुणाचं नाव नाही. सुनंदा पोट सांभाळत फडताळात डबे लावत होती. आत्याशी ती चांगलं वागायची. वेळेवर चहा, वेळेवर गोळी. मी तिला हळूच विचारलं, तुमचं काही बोलणं होतं का?

"कामाचं होतं," ती म्हणाली. "मी त्यांना कधी एक वाकडा शब्द बोलले नाय, ताई. पण सरळपण नाय बोलले. जमलंच नाय."

मी आणि दिलीपने फरशी धुतली, देवाचा फोटो लावला, मिठाची पुडी कोपऱ्यात ठेवली. ईशानने दूध सांडलं आणि मुक्ताने नव्या भिंतीवर हात उमटवला. एरवी मी ओरडले असते. आत्या बाहेरून खिडकीतून सगळं बघत होती. एखादा डबा चुकीच्या जागी गेला की मला गजांतून बोट दाखवून सांगायची, तो वर, तो खाली. मी म्हटलं, "आत्या, आत येऊन सांग ना गो." तिने बोट मागे घेतलं.

दुपारनंतर मुलं वसाहतीतल्या मोकळ्या जागेत खेळायला गेली. आत्याशेजारी बसून मी शेंगा सोलत होते. न राहवून विचारलं, "आत्या, आता हाक नाही मारत?"

ती भिंतीकडे बघतच म्हणाली, "कुठून सुरू करू? घरं सगळी वर-खाली झाली." मग म्हणाली, "नि माझ्या हाकेवर आलेल्यांचं काय झालं, तुला ठाव हाय."

मी शेंगा सोलत राहिले.

दिवेलागणीला पाऊस आला. दारादारांतून हाका सुरू झाल्या, टीव्हीच्या आवाजात मिसळलेल्या. पोरं पांगली. माझी दोघं तशीच चिखलात उभी. मी ओरडले, "मुक्ता, ईशान, घरात या!"

"तू नाही," ईशान तिथूनच म्हणाला. "आत्याआजीने मारायची."

"आई, तूच सांगितलंस ना," मुक्ता म्हणाली. तिला आईला शब्दात पकडायला फार आवडतं.

मी धावत जाऊन त्यांना उचलणार, तेवढ्यात आत्या उठली. पावसातून चालत गेली आणि ईशानच्या कोपराला बोट लावलं. "चल."

"अशी नाही. हाक मार."

ती भिजत त्याच्यासमोर उभी राहिली. दिलीप पुढे निघाला, सुनंदाने त्याचा हात धरला. "थांबा."

"हाक मारली तर येशील?" आत्याने विचारलं.

"हो."

"नि मग?"

ईशानला प्रश्नच कळला नाही. "मग काय? मग जेवायचं."

आत्या वळली. पायरीपर्यंत आली, थांबली, तोंड उघडलं. आवाज फुटेना. तिचा डावा हात चाचपडत होता, आणि मला एकदम समजलं की तो चौकट शोधतोय. हाक मारायची तिची एक जागा होती. दुसरीकडून तिला ती येतच नव्हती. तिने उंबऱ्याकडे पाहिलं, लुगडं जरा उचललं, आणि आत पाय टाकला. मग फिरली. डोंगर आता तिच्या समोर होता. हात चौकटीला लागला.

"ओम्याऽऽ!"

समोर काशीकाकूच्या घरातला टीव्ही बंद झाला.

"तनेऽऽ!" डोंगरावर जाऊन आदळेल असा तो आवाज, तोच, जुना. "मुक्तेऽऽ! इशाऽऽ! या रे आऽऽत!"

बायका दारात आल्या. काशीकाकूने पदर तोंडात धरला. माझी दोन्ही पोरं जीव खाऊन पळत आली आणि आत्याच्या अंगावर आदळली. तिने पदराने त्यांची डोकी पुसली, इतकी खसाखसा की ईशान कळवळला. नक्की किती नावं घेतली गेली आणि किती पोरं आत आली, हे त्या दारात उभ्या असलेल्या प्रत्येकाला माहीत होतं.

सुनंदाने भात वाढला. पाऊस आत येत होता म्हणून दिलीप दार लावायला उठला, तर ईशान घास तोंडात ठेवून म्हणाला, "ते दोघं अजून आले नाहीत."

दिलीपचा हात कडीवर तसाच.

"ऱ्हाऊ दे उघडं," आत्या म्हणाली.

मग सुनंदा तिच्यासमोर बसली, सातव्या महिन्यात बसतात तशी, जमिनीला हात टेकत, हळूहळू. म्हणाली, "आई, पाऊस होता. पोरं भिजत होती. मी असते तर मीपण आतच बोलावलं असतं."

आत्याने तिच्याकडे पाहिलं. ताट बाजूला सारलं आणि ती मोठ्याने रडली. तो आवाज परत आला होता ना, त्यामुळे सगळ्या वसाहतीला ऐकू गेलं असेल. सुनंदाने तिचं डोकं मांडीवर घेतलं. मी पोरांना म्हटलं, भात संपवा. दुसरं काय म्हणणार?

आम्ही सकाळी निघालो. सुनंदाने पिशवीत तांदूळ घातले, त्यावर एक नवा कुकर. "दोन पुरेत आम्हाला," म्हणाली. आत्याने रात्र घरातच काढली होती, उंबऱ्याजवळ अंथरूण टाकून. दार कुणी लावलं नव्हतं. ती मला म्हणाली, "बाळ झालं की ये. पोरांना आण. मी हाक मारीन." मला बरं वाटलं. वाटलं, सुटली बाई.

बाळ झालं. मुलगी. आत्याने ती महिनाभर मांडीवर खेळवली आणि थंडीत एका दुपारी झोपेतच गेली. मुक्ताची परीक्षा, पोरांचा ताप, असं करत माझं जाणं राहिलं होतं. त्यामुळे माझ्यापाशी शेवटची आत्या आहे ती त्या सकाळचीच.

व्हॅन वळणावर गेली तशी मी मागे पाहिलं. पाऊस भुरभुरत होता. खेळायची जागा रिकामी, पोरं शाळेत गेलेली. आत्या उंबऱ्याच्या आत उभी होती, डावा हात चौकटीला, आणि तिचं तोंड हलत होतं. इंजिनाच्या आवाजात ऐकू काही येत नव्हतं.

ईशान मागच्या काचेला नाक लावून जोरजोरात हात हलवत होता. "आई, थांबव ना गाडी. आत्याआजी मला बोलावतेय."

मी नीट पाहिलं. ती आमच्याकडे बघत नव्हती. ती डोंगराकडे बघत होती.